मुखदर्शन आणि प्रदक्षिणा : चिंचवड ते चाकण, एका दिवसात

शहर दाखवणाऱ्या सहलीला मराठीत ‘दर्शन’ म्हणतात. मुंबई दर्शन, पुणे दर्शन अशा पाट्या बसच्या कपाळावर आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. शब्द देवळातून आला आणि येताना पाहण्याची रीतही घेऊन आला. पंढरपुरात दोन रांगा असतात. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहावे लागते. ज्याला तेवढी सवड नाही, तो मुखदर्शनाच्या रांगेतून लांबूनच विठोबाचे मुख पाहून बाहेर पडतो. शहरांचे दर्शन जवळजवळ नेहमी मुखदर्शनच असते. बस थांबते, इमारत कोणी आणि कधी बांधली ते मार्गदर्शक सांगतो, फोटो निघतात, बस पुढे जाते. या रीतीत गैर काही नाही. पण तिची एक अट आहे, आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही : इमारतीला मुख असले पाहिजे.

मुंबईचे उदाहरण घेऊ. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेला मुंबईचा वास्तुसमूह ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना उभा आहे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, पश्चिमेला आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारतींची ओळ. मधले मैदान रिकामे आहे, म्हणून दोन्ही ओळींची मुखे दिसतात. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेले, १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिलेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहा. घुमट, शिल्पे, रंगीत काचा हे सगळे रस्त्याकडच्या अंगाला आहे. गाड्या लागतात त्या छपरांखाली. पर्यटक रस्त्यापलीकडे उभा राहून मुख पाहतो आणि लाखो माणसे रोज छपराखालून ये-जा करतात. स्थानक म्हणून त्या वास्तूचे काम छपराखाली चालते, दर्शन मात्र दुसऱ्या अंगाचे होते.

पुण्यातला शनिवारवाडा तर या बाबतीत फारच बोलका आहे. १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली, १८२८ साली वाडा जळला. आज जे पाहायला आपण तिकीट काढतो ते काय आहे? दिल्ली दरवाजा, तट, बुरूज, आतली जोती आणि कारंज्यांचे हौद. म्हणजे एक भिंत आणि एक फाटक. आतला संसार, कचेरी, स्वयंपाकघरे, पागा, सगळे गेले, तेव्हा ती भिंत प्रेक्षणीय झाली. हाच तट आतल्या राबत्यासकट उभा होता, तेव्हा वाटेवरचा माणूस त्याकडे कसा पाहत असेल याची कल्पना मला दुसरीकडे येते. पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणारा माणूस कारखान्याच्या भिंतीकडे पाहतो, तसाच. पाहतो आणि पुढे जातो, कारण आत जाण्याचे त्याला कारण नसते.

मी गेली तीसेक वर्षे भोसरीत राहतो. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि बरीच वर्षे लहान-मोठ्या कारखान्यांच्या शेडची ड्रॉइंग्ज काढली. वास्तुकलेची पदवी माझ्यापाशी नाही; जे काही वाचले ते कामावरून घरी आल्यावर आणि वाचनालयाच्या कृपेने. माझा भाचा मात्र रीतसर वास्तुकला शिकतो. त्यांच्या कॉलेजची अभ्याससहल एका वर्षी अहमदाबादला जाते, एका वर्षी चंदीगडला. त्याने मला सहज विचारले, ‘‘मामा, तुमच्याकडं एका दिवसात बघण्यासारखं काय आहे?’’ प्रश्न खवचट नव्हता, म्हणूनच तो गंभीरपणे घेणे भाग होते. आम्ही फेब्रुवारीतला एक बुधवार ठरवला. गुरुवार मुद्दाम टाळला. आमच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि बंद कारखाने पाहून या शहराविषयी काहीच कळत नाही.

मला जे मांडायचे आहे ते आधीच सांगतो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात वास्तूचे एकक ‘इमारत’ हे नाही, ‘आवार’ हे आहे. भिंत, फाटक, आतली मोकळी जागा, आतला नियम आणि आतल्या माणसांचा बाहेरच्यांशी असलेला संबंध, हे सगळे मिळून इथली एक वास्तू होते. आवाराला मुख नसते, त्यामुळे मुखदर्शनाच्या रीतीने ते दिसत नाही. त्यासाठी आपल्याच देवळातली दुसरी रीत लागते, प्रदक्षिणेची.

पवनेकाठचे आवार

सुरुवात चिंचवडला, मोरया गोसावींच्या समाधीपासून केली. भाच्याने आधी घाटावरून फोटो घ्यायचा प्रयत्न केला आणि कॅमेरा खाली केला. मंदिर बसके आहे, साधे आहे. चौकोनी मंडप, आत अष्टकोनी गाभारा. पुण्यातल्या पेशवाई देवळांचा डौल इथे शोधू नये. हे देऊळ त्यांच्या आधीचे आहे. त्यावरच्या मराठी शिलालेखात काम सुरू केल्याची आणि काम संपल्याची तिथी दिलेली आहे : शके १५८० मधली कार्तिक शुद्ध द्वादशी आणि पुढच्या वर्षातली आषाढ शुद्ध चतुर्थी. इसवी सनाच्या हिशेबाने १६५८-५९. म्हणजे आठेक महिन्यांत काम पुरे. ज्याने आयुष्यभर बांधकामाची वेळापत्रके चुकताना पाहिली आहेत, त्याला या दोन तारखांपुढे हात जोडावेसे वाटतात.

देवळाचे महत्त्व त्याच्या उंचीत नाही, ते त्याच्या जागेत आहे. समोर नदी, बाजूला घाट, आसपास देव घराण्यातल्या पुढच्या पुरुषांच्या समाध्या, थोड्या अंतरावर मंगलमूर्ती वाडा. मोठ्या पावसात पवना चढली की पाणी समाधीपर्यंत येते, आणि ओसरले की लोक गाळ काढून पूजा सुरू करतात. हे सगळे एकत्र पाहिल्याशिवाय यातले काहीच पाहिल्यासारखे होत नाही. शिवाय हे आवार आपल्या भिंतीपाशी संपत नाही. भाद्रपदात आणि माघात इथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. वास्तू आपली हद्द वर्षातून दोनदा चालत जाऊन वाढवते, असे म्हणायला हरकत नाही.

तिथून चापेकर वाडा चालण्याच्या अंतरावर. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडणारे दामोदर आणि त्यांचे भाऊ बाळकृष्ण व वासुदेव हे या गावचे. या दोन जागा कोणत्याही ‘दर्शना’त बसतात, कारण त्यांच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट आहे आणि ती गोष्ट पूर्ण झालेली आहे. सहल आखणारे बहुतेक इथेच थांबतात. त्यांच्या मते पुढे सुरू होतो तो फक्त औद्योगिक भाग.

पेनिसिलीनचे गाव

पिंपरीतले हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा या पट्ट्याच्या आधुनिक वास्तूचा पहिला धडा आहे, असे मी मानतो. १९५४ साली सरकारने ही कंपनी स्थापन केली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत मिळाली, आणि १९५५ पासून इथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. बुरशीनाशक ‘हॅमायसिन’ इथल्याच प्रयोगशाळेतले. त्याच्या नावातले पहिले ‘हॅ’ हे ‘एच. ए.’ या आद्याक्षरांचे. पेनिसिलीन करायचे तर बुरशी प्रचंड टाक्यांत वाढवावी लागते, तिला सतत निर्जंतुक हवा द्यावी लागते, टाक्या थंड ठेवाव्या लागतात. म्हणजे वाफ हवी, गार पाणी हवे, नळांचे जाळे हवे, टाक्यांच्या उंचीची दालने हवीत. इमारतीचा आकार कोणा वास्तुकाराच्या मनात येण्याआधी बुरशीच्या गरजेने ठरलेला असतो. कारखान्याच्या वास्तूचा हा मूळ नियम आहे, आणि आमच्या शहराची निम्मी रचना त्याच्यातूनच निघाली आहे.

पण सरकारने नुसता कारखाना बांधला नाही. कामगारांसाठी वसाहत केली, शाळा केली, मैदान ठेवले, झाडे लावली. एच. ए. कॉलनीच्या सावलीतल्या रस्त्यांवरून चालताना भाच्याने पहिल्यांदा वही काढली. ‘‘हे कुणी डिझाइन केलंय?’’ त्याने विचारले. मी म्हटले, ‘‘नाव नंतर शोधू. आधी क्वार्टर ते गेट किती पावलं पडतात ते मोज.’’ माणूस जेवायला घरी जाऊन भोंग्याआधी परत येऊ शकेल, या हिशेबाने अशा वसाहती बसवल्या जात. ते अंतर हेच इथले सौंदर्यशास्त्र आहे.

साहित्याच्या वाचकांना हे आवार दुसऱ्या कारणाने आठवत असेल. जानेवारी २०१६ मध्ये एकोणनव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच कंपनीच्या मैदानावर भरले होते. हजारो साहित्यप्रेमी चार दिवस पेनिसिलीनच्या गावात वावरले, पुस्तके घेऊन परत गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कंपनीची आणि अशाच इतर सरकारी औषध कंपन्यांची ‘अतिरिक्त’ जमीन विकून देणी भागवण्यास मंजुरी दिली. आवारातली कोणती जमीन अतिरिक्त असते? मैदान, झाडे, दोन इमारतींमधले अंतर. हिशेबाच्या वहीत इमारतीला किंमत असते आणि मोकळी जागा शिल्लक म्हणून धरली जाते. आवार हे एकक डोळ्यांना दिसत नसेल, तर ते कागदावरही दिसत नाही. या साऱ्या प्रश्नातली खरी जोखीम मला इथे वाटते.

रस्त्यापलीकडे पिंपरी कॅम्प. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसवलेला. आज शगुन चौकात उभे राहिले तर कपड्यांची, भांड्यांची दुकाने एकमेकांना खेटून चार मजले चढलेली दिसतात. इथे पाहण्यासारखा आहे तो जमिनीवरचा आराखडा. गल्ल्यांची सरळ, सारख्या अंतरावरची रेघ अजून वाचता येते. ओळीत वसवलेल्या माणसांनी ती ओळ मोडली नाही, तिच्यावर मजले चढवले.

करवतीच्या दात्यांचे छप्पर

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि या पट्ट्याची जमीन ब्लॉक आणि प्लॉटमध्ये आखली गेली. भोसरीत पत्ता सांगायचा तर जे ब्लॉक, एस ब्लॉक, अमुक नंबरचा प्लॉट. चौकांची नावे तर आणखी मजेची. शहरे आपल्या चौकांना राजांची, पुढाऱ्यांची, संतांची नावे देतात. आमच्याकडे ती आहेतच, पण केएसबी चौक आणि थरमॅक्स चौकही आहेत. एक पंप करणारी कंपनी, दुसरी बॉयलर करणारी. टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाल्याला दोन दशके उलटली, तरी टेल्को रोड हा टेल्को रोडच आहे. लोकांनी आवाराच्या नावाने शहर लक्षात ठेवले आहे. त्यासाठी कोणाला फलक लावावा लागला नाही.

या शहराचे दर्शनी अंग पाहायचे तर ते वरून पाहावे लागते. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पिंपरी ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला, तेव्हा ही सोय पहिल्यांदा झाली. नाशिक फाट्यापासून कासारवाडीकडे जाताना डब्यातून खाली कारखान्यांची छपरे दिसतात. आम्ही तो फेरा मुद्दाम मारला. जुन्या शेड ओळखायच्या त्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरावरून. कामगार तिला ‘नॉर्थ लाइट शेड’ म्हणतात. दात्याची उतरती बाजू पत्र्याची, उभी बाजू काचेची, आणि काच उत्तरेकडे. दक्षिणेचे ऊन थेट आत आले तर लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चमक येते आणि मापावर गडद सावली पडते. उत्तरेचा प्रकाश सौम्य आणि सारखा असतो. विजेचे दिवे महाग आणि मंद होते, त्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांनी हा आकार रूढ केला आणि तो आपल्याकडे आला.

पण पुण्याचे अक्षांश इंग्लंडचे नाहीत. आपण साडेअठरा अंशांवर आहोत. साधारण १३ मेपासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे वर्षातले काही आठवडे नॉर्थ लाइट शेडमध्ये उत्तरेच्याच काचेतून ऊन येते. जूनच्या मध्यापासून ढग मदतीला येतात. खरा त्रास मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या सुरुवातीला. जुन्या शेडच्या काचांना कुठेकुठे निळा किंवा पांढरा रंग फासलेला दिसतो, त्याचा अर्थ मी असा लावतो. परदेशी आकार आणि देशी सूर्य यांच्यातली तडजोड कोणा फिटरने ब्रशने केली आहे. चंदीगडमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या काँक्रीटच्या ऊन-अडवण्यांवर पुस्तके लिहिली गेली, आणि ती योग्यच आहे. त्या रंगवलेल्या काचेवर एखादे पान तरी लिहिले जावे, एवढेच माझे म्हणणे.

एका कंपनीच्या गेटसमोर फुटपाथवर उभे राहून भाचा छपराचे स्केच करत होता. सुरक्षारक्षक बाहेर आला. ‘‘साहेब, फोटो नाही काढायचा.’’ भाचा म्हणाला, ‘‘फोटो नाही, चित्र काढतोय.’’ रक्षकाने वही पाहिली, जरा विचार केला आणि म्हणाला, ‘‘चित्राचं काही सांगितलेलं नाही. पण लवकर आवरा.’’ आवाराचा नियम काय असतो ते कोणत्याही व्याख्येपेक्षा या वाक्यातून नीट कळते.

भिंतीआड काय असते, याचे एक मोठे उदाहरण टेल्कोचे. सुमंत मुळगावकरांनी १९६६ पासून इथला कारखाना उभा करताना आवारात झाडे लावून घेतली आणि कृत्रिम तलाव करवला. त्यावर पक्षी येऊ लागले. ट्रक करणाऱ्या माणसाने जमिनीची रचना हा कारखान्याचाच भाग मानला. शहरातल्या बहुसंख्यांना हा तलाव ऐकून माहीत आहे. आवाराची ताकद आणि आवाराची मर्यादा एकाच गोष्टीत दिसावी, तर ती इथे.

सेक्टर, गावठाण आणि वारी

१९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. १९८२ साली महापालिका. निगडी प्राधिकरण हा या पट्ट्यातला सर्वात ‘आखलेला’ भाग. सेक्टर हा शब्दच चंदीगडची आठवण देतो. रुंद रस्ते, उद्याने, नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले प्लॉट. भाच्याला तो आवडला आणि मलाही आवडतो. पण आराखडा वाचताना त्यातल्या न आखलेल्या जागाही वाचाव्या लागतात. सरळ रस्ता अचानक वाकडा होतो, घरे दाटतात, मारुतीचे देऊळ लागते : ते गावठाण. ज्यांच्या शेतांवर सेक्टर उभे राहिले, त्यांची घरे मधोमध उरली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत मिळाव्यात, ही त्या शेतकऱ्यांची मागणी कित्येक दशके चालली. प्राधिकरण २०२१ साली पीएमआरडीएत विलीन झाले, तरी तो आकडा या भागात अजून उच्चारला जातो. चंदीगडला पाहुणा आराखड्याची स्तुती ऐकून परततो. आराखड्याखाली गेलेल्या गावांची नावे यादीत नसतात. आमच्याकडे ती गावे नकाशात अजून उभी आहेत, आणि पाहणाऱ्याने ती पाहावीत.

आकुर्डीत थांबलो ते विठ्ठल मंदिरापाशी. तुकोबांच्या पालखीचा देहूबाहेरचा पहिला मुक्काम इथे असतो. निगडी, आकुर्डी, पिंपरी, कासारवाडी, दापोडी असा कारखान्यांच्या भिंतींना खेटून तो सोहळा पुण्याकडे जातो. मग मला वाटले, या शहराची सर्वात जुनी सहल ही आहे. ती पायी होते, तिच्यात थांबे ठरलेले आहेत, आणि तिला मुखाची घाई नाही. जवळच बजाजचे जुने आवार. १९७२ पासून चेतक स्कूटर ज्या गावाच्या नावाशी जोडली गेली ते हे आकुर्डी. २००७ साली इथले उत्पादन थांबले आणि २०२२ साली विजेवर चालणाऱ्या चेतकसाठी इथेच नवा कारखाना सुरू झाला. आवार रिकामे झाले की त्याचे काय करायचे, या प्रश्नाला निवासी मनोरे हे एकच उत्तर नाही, हे यातून दिसते.

भुईकोट

चाकणला पोचायला दुपार कलली. ट्रकांच्या रांगेतला तासही सहलीचाच भाग धरावा. कारण इथली वास्तू चाकांवर चालते. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात संग्रामदुर्ग हा भुईकोट आहे. चिंचवडचे समाधिमंदिर पुरे झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, जून १६६० मध्ये, शायिस्ताखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो पंचावन्न दिवसांच्या आसपास लढवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. आज भिंती-बुरुजांचे थोडे अवशेष आहेत. डोंगराचा आधार नाही, सपाट जमिनीवर नुसती भिंत आणि खंदक यांच्या बळावर उभे राहायचे, ही भुईकोटाची रीत. आवार या एककाचा इतका शुद्ध नमुना दुसरा नाही.

तिथून निघोजे, खराबवाडी, महाळुंगे. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगन २००९ ची. इथल्या शेडना करवतीचे दाते नाहीत. पोलादी सांगाडे कारखान्यातच तयार होऊन येतात, जागेवर नटबोल्टने जोडले जातात, वरून रंगीत पत्रा चढतो. खांबांमधले अंतर प्रचंड, छप्पर जवळजवळ सपाट, प्रकाश दिव्यांचा. ही वास्तू जितक्या चटकन उभी राहते तितक्याच चटकन सोडवताही येते. मी अशा शेडची ड्रॉइंग्ज काढली आहेत. सुटे भाग मोजून नेता येतील अशीच ती असतात. म्हणजे चाकण आपल्यामागे अवशेष ठेवणार नाही. शनिवारवाड्याची जोती उरली, संग्रामदुर्गाचे बुरूज उरले. या शेडचे फक्त अँकर बोल्ट उरतील. अवशेष झाल्यावर पाहू, ही आपली नेहमीची सवय इथे चालणार नाही.

इतर देशांतले कारखानेही बहुतेक बंद पडल्यावरच प्रेक्षणीय झाले. जर्मनीतल्या एसेनची त्सोलफेराइन खाण हे त्याचे गाजलेले उदाहरण. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर यांनी आखलेली तिची बारा नंबरची शाफ्ट १९३२ साली सुरू झाली, खाण १९८६ साली बंद झाली, २००१ साली जागतिक वारसा ठरली. आपल्याजवळचा दाखला कमी सुखाचा आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले, आणि फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. चिमणी हे गिरणीचे मुख होते, म्हणून ते ठेवले. खातेघरे, चाळी, खानावळी यांचे आवार गेले. मुखदर्शनाच्या रीतीने वारसा जपला की असे होते. उलट उदाहरणेही आहेत. शिकागोत ग्लेसनर हाऊस पाडले जाऊ नये म्हणून १९६६ साली लोक एकत्र आले आणि त्यातून त्या शहराच्या वास्तुसहली सुरू झाल्या. अहमदाबादच्या पोळांतली पदयात्रा १९९७ साली सुरू झाली, आणि शहराला वारसा दर्जा मिळाला तो त्यानंतर वीस वर्षांनी. दोन्हीकडे आधी लोक चालले, मग दर्जा आला.

मराठीला हे अवघड जाऊ नये. याच पट्ट्यात, तळेगाव दाभाड्याला राहून गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला किल्ला पाहायला शिकवले : दरवाजा कुठे तोंड करतो, पाणी कुठून येते, तट कुठे दुबळा. कारखान्याच्या आवाराला हेच तीन प्रश्न जसेच्या तसे विचारता येतात. गेट कुठे उघडते, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, भिंत कुठे ओलांडली जाते. हे प्रश्न घेऊन कोणी चिंचवड ते चाकण चालला, तर त्याला सांगण्यासारखे पुष्कळ सापडेल.

आणि आवाराच्या आत जाण्याची रीतही आपल्याकडे आधीपासून आहे. खंडेनवमीला अनेक कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. लेथला, प्रेसला झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, आणि त्या दिवशी कामगारांना बायकामुलांना आत आणता येते. बाप रोज जिथे जातो ती जागा मुले पाहतात. छप्पर किती उंच आहे, उजेड कुठून येतो, बाबा कुठल्या मशीनपाशी उभे राहतात. हे मुखदर्शन नव्हे, पदस्पर्श आहे. महापालिकेने, एमआयडीसीने आणि कंपन्यांनी मिळून तो एक दिवस शहरासाठी थोडा मोठा करावा. ज्यांच्या घरचे कोणी आत नाही त्यांनाही गेटच्या आत घ्यावे, शेडचे जुने ड्रॉइंग भिंतीवर लावावे, आणि ज्यांनी ती शेड बांधली किंवा तिच्यात तीस वर्षे काम केले, त्यांनाच मार्गदर्शक करावे. ती माणसे अजून आहेत. आकुर्डीत, भोसरीत, एच. ए. कॉलनीच्या कट्ट्यांवर संध्याकाळी बसलेली असतात. त्यांच्याकडे विचारायला जाणारे कोणी हवे.

भाच्याच्या वहीत त्या दिवशी नऊ पाने भरली. त्यांतल्या एकाही पानावर इमारतीचे मुख नाही. एक छप्पर, एक गल्ली, वसाहतीतले अंतर, वाकडा झालेला रस्ता, बुरुजाचा तुकडा, बोल्टची जागा. पुढच्या वर्षीच्या अभ्याससहलीसाठी त्याने कॉलेजात या पट्ट्याचे नाव सुचवले आहे.